विक्षिप्त कोण: पाण्याची गाडी की रतनजोत?

पाण्यावर चालणारी गाडी, हवेवर चालणारी गाडी, टपावर पवनचक्की बसवलेली गाडी, संडासाच्या गॅसवर धावणारी बस. असल्या कल्पनांपुढे सुशिक्षित माणूस एक तर हसतो, नाही तर व्हॉट्सॲपवर पुढे ढकलतो. हसणारा स्वतःला विज्ञाननिष्ठ समजतो आणि ढकलणारा आशावादी, पण दोघांचं गृहीतक एकच असतं: कल्पनेचं वेड तिच्या रूपावरून ओळखता येतं. इंधन जितकं चमत्कारिक तितकी कल्पना विक्षिप्त, आणि तिच्यामागे मंत्रालय, विद्यापीठ किंवा तेल कंपनी उभी राहिली की ती गंभीर.

हे मत मला उथळ वाटतं. इंधन विचित्र असल्यानं कल्पना विक्षिप्त होत नाही, हिशेबातला एखादा रकाना कोरा राहिला की होते. ही कसोटी लावली तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या देशात गाड्यांसाठी निघालेली सर्वांत विक्षिप्त कल्पना कुठल्या गॅरेजातल्या कारागिराची नव्हती. ती सरकारी शिक्क्यानिशी, कोट्यवधी रोपांनिशी आमच्या छत्तीसगडात राबवली गेली, आणि तिला तेव्हा फारसं कोणी हसलं नाही. उलट ज्या कल्पना ऐकून आमच्या रायपूरच्या समता कॉलनीतला कोणीही नाक मुरडेल, त्यांतल्या एक-दोन हिशेबात चोख उतरतात.

कसोटी तीन प्रश्नांची आहे. ऊर्जा मुळात आली कुठून? किती जागेतून किती मिळाली? आणि ती खर्च कशावर झाली? पहिल्या प्रश्नावर फसवे शोध गळतात आणि दुसऱ्यावर प्रतिष्ठित योजना. तिसरा प्रश्न गाडीवाले आपण कोणीच स्वतःला विचारत नाही.

१. ऊर्जा आली कुठून?

पाण्याच्या गाडीपासून सुरुवात करू, कारण ती दर काही वर्षांनी नव्यानं जन्म घेते. हायड्रोजन जळला की पाणी होतं. म्हणजे पाणी ही हायड्रोजनची राख. राख पुन्हा पेटवायची तर आधी तिच्यातून हायड्रोजन सोडवावा लागतो, आणि त्याला लागणारी ऊर्जा तो जळून देतो त्याहून कधीच कमी नसते. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर यांनी पाण्यावर चालणारी बग्गी दाखवून गुंतवणूकदार गोळा केले; १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयानं तो प्रकार ढळढळीत फसवणूक ठरवला. त्याच वर्षी तमिळनाडूच्या रामर पिल्लई यांचं वनस्पतींपासूनचं ‘हर्बल पेट्रोल’ देशभर गाजलं. ते द्रव प्रत्यक्षात पेट्रोलजन्य रसायनांचं मिश्रण निघालं, आणि २०१६ मध्ये त्यांना शिक्षा झाली.

पण पाण्याच्या सगळ्याच गाड्या लबाडीच्या नसतात. मध्य प्रदेशातल्या सागरच्या एका मेकॅनिकची गाडी खरोखर चालत होती. पाण्यात कॅल्शियम कार्बाइड टाकलं की ॲसिटिलीन वायू सुटतो, आणि तो इंजिनात जळतो. बातम्यांनी मात्र श्रेय पाण्याला दिलं. कार्बाइड तयार होतं चुना आणि कोक विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या आसपास तापवून. गाडी त्या कोकवर आणि त्या विजेवर चालली. माणूस प्रामाणिक, यंत्र खरं, आणि तरी ‘पाण्यावरची गाडी’ हे वर्णन खोटं.

हीच गफलत प्रतिष्ठित रूपात हायड्रोजनबाबत होते. ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी टोयोटाच्या हायड्रोजन मोटारीतून संसदेत गेले. गाडी अस्सल होती आणि नळीतून पाण्याखेरीज काही बाहेर पडत नव्हतं. सांडपाण्यापासूनही हायड्रोजन करू, असं ते वारंवार सांगतात, आणि ते अशक्य नाही. पण हायड्रोजन खाणीतून निघत नाही. पाण्यापासून एक किलो करायला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते, आणि त्या किलोवर मोटार साधारण शंभर किलोमीटर जाते. तीच वीज सरळ बॅटरीत भरली तर गाडी तीनशेच्या वर जाते. म्हणजे हायड्रोजन हा स्रोत नाही, वाहक आहे, आणि मोटारीपुरता महागडा वाहक आहे. भिलाईसारख्या ठिकाणी पोलाद गाळताना कोकची जागा घ्यायला तो उद्या अमोल ठरेल. कारमध्ये भरणं ही त्याची उधळपट्टी आहे.

आता हसणाऱ्यांसाठी एक टोचणी. टपावरच्या पवनचक्कीनं गाडी चालणार नाही हे खरं, कारण त्या चक्कीला लागणारा वारा गाडीच्याच धावण्यातून तयार होतो. पण वाऱ्याच्या जोरावर, वाऱ्याच्याच दिशेनं, वाऱ्याहून जास्त वेगात जाणारी गाडी? हेही तितकंच अशक्य वाटतं. २०१० मध्ये अमेरिकेत ‘ब्लॅकबर्ड’ नावाची अशी गाडी वाऱ्याच्या जवळजवळ पावणेतीन पट वेगानं धावली. २०२१ मध्ये एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकानं हे शक्य नाही म्हणून दहा हजार डॉलरची पैज लावली आणि ती हरला. दोन्हींत फरक एवढाच की ब्लॅकबर्डला स्वतंत्रपणे वाहणारा वारा मिळतो, आणि हलता वारा व स्थिर जमीन यांच्यातला वेगाचा फरक हा ऊर्जेचा खरा स्रोत आहे. टपावरच्या चक्कीला असा कुठलाच स्रोत नाही. नुसत्या कपाळावरच्या आठीनं हा फरक कळत नाही.

२. किती जागेतून किती?

स्रोत खरा असला तरी तो पुरेसा असेलच असं नाही. हवेच्या गाडीचं असंच झालं. फ्रान्सचे गी नेग्र यांच्या कंपनीशी २००७ मध्ये टाटा मोटर्सनं करार केला. दाबून भरलेल्या हवेवर मोटार चालणार होती. तीनशे लिटरच्या टाकीत वातावरणाच्या तीनशे पट दाबानं हवा कोंबली, तर तिच्यातून तत्त्वतः जास्तीत जास्त चौदा युनिट ऊर्जा निघते. लिटरभर डिझेलमध्ये दहा युनिट असतात. शिवाय हवा प्रसरण पावताना इतकी थंड होते की नळ्यांवर बर्फ धरतो आणि त्या चौदातलीही बरीच वाया जाते. गाडी बाजारात आलीच नाही. यात टाटांची बदनामी होण्यासारखं काही नाही: करून पाहिलं, जमलं नाही, जनतेची जमीन त्यात गुंतली नाही.

रतनजोतीत गुंतली.

*खाडी ते बाडी*

मराठीत जिला मोगली एरंड म्हणतात तीच ही रतनजोत, म्हणजे जट्रोफा. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं अहवाल दिला: २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के जैवडिझेल मिसळता येईल, त्यासाठी सुमारे १ कोटी १२ लाख हेक्टरांवर ही झाडं लावावी लागतील. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठं आहे. २००५ मध्ये छत्तीसगडात त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण निघालं. ‘डीज़ल नहीं अब खाड़ी से, डीज़ल मिलेगा बाड़ी से’ (डिझेल आता आखातातून नाही, परसातून) ही घोषणा घुमली, मुख्यमंत्री रमणसिंहांची गाडी जैवडिझेलवर फिरू लागली, आणि राज्याच्या तेव्हाच्या सोळाही जिल्ह्यांत मिळून सोळा कोटी रोपं लावण्याचा व २०१५ पर्यंत इंधनात स्वयंपूर्ण होण्याचा संकल्प सुटला. हिंदुस्तान पेट्रोलियम आणि इंडियन ऑइल या दोघांनी राज्याच्या ‘क्रेडा’ या संस्थेबरोबर संयुक्त कंपन्या काढल्या. दोन्ही पुढे गुंडाळाव्या लागल्या.

यापुढचं गणित कोणालाही कागदावर करता आलं असतं. हलक्या, कोरडवाहू जमिनीत रतनजोतीपासून हेक्टरी अडीचशे लिटर तेल मिळालं तरी पुष्कळ. डिझेल मोटार लिटरला वीस किलोमीटर जाते असं धरू. एका हेक्टरातून वर्षाला पाच हजार किलोमीटर. अडीच हजार झाडांना एक हेक्टर या दरानं सोळा कोटी रोपांना लागतात चौसष्ट हजार हेक्टर. सगळी जगली, सगळ्यांना फळ धरलं, तर वर्षाला दीड-पावणेदोन कोटी लिटर तेल. देश त्या वर्षांत चार-पाच हजार कोटी लिटर डिझेल जाळत होता.

आता त्याच हेक्टरावर सौर पट्ट्या टाका. एका मेगावॉटला साधारण दोन हेक्टर जागा लागते आणि वर्षाला पंधरा लाख युनिट मिळतात. म्हणजे हेक्टरी साडेसात लाख. विजेची मोटार युनिटला सहा किलोमीटर जाते असं धरलं तर पंचेचाळीस लाख किलोमीटर. पाच हजार आणि पंचेचाळीस लाख! फरक नऊशे पटींचा आहे, आणि तो कुठल्याही सचिवाच्या कार्यक्षमतेनं बुजणारा नाही. रायपूरच्या उन्हातल्या दर दहा हजार युनिटांपैकी जेमतेम दीड युनिट त्या बियांच्या तेलात उतरतं, आणि त्यातलंही दोन-तृतीयांशाहून जास्त इंजिन उष्णतेत घालवतं.

हीच तुलना समता कॉलनीच्या मापानं करून बघा. इथल्या एखाद्या घराच्या गच्चीवर तीनशे चौरस फुटांत तीन किलोवॉटच्या पट्ट्या बसतात. दिवसाला बारा युनिट धरले तर वर्षाला सव्वीस हजार किलोमीटरचं इंधन त्या गच्चीवर तयार होतं. रतनजोतीपासून तेवढंच मिळवायला पाच हेक्टरांहून जास्त जमीन लागेल, आणि उन्हातान्हात बिया वेचायला माणसं लागतील ती वेगळीच. फळं एकदम पिकत नाहीत. पुन्हा पुन्हा त्याच झाडाकडे जावं लागतं. त्या मजुरीत तेलाचा भाव बुडतो.

*ऊस आणि धान*

इथेनॉलचं प्रकरण रतनजोतीइतकं वाईट नाही. उसाचं हेक्टरी ऐंशी टन पीक आणि टनाला सत्तर लिटर धरले तर साडेपाच हजार लिटर इथेनॉल होतं. पेट्रोलच्या तुलनेत त्यात दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे पंचावन्न हजार किलोमीटर. रतनजोतीच्या अकरा पट, सौर पट्टीच्या ऐंशीव्या हिश्श्याहून थोडं कमी. पण नीती आयोगाच्याच २०२१ च्या आराखड्यात लिटरभर इथेनॉलमागे उसाला २,८६० लिटर पाणी लागतं असा आकडा आहे. मराठवाड्यानं तो भिंतीवर लिहून ठेवावा. आमच्याकडे उरलेल्या धानाचं इथेनॉल करण्याचा आग्रह आहे. धानाला हमीभाव द्यायचा आणि मग साठलेल्या तांदळाचं काय करायचं, ही शेतीच्या अर्थकारणाची अडचण आहे. ती खरीच आहे, पण तिचं उत्तर मोटारीच्या टाकीत शोधलं की ऊर्जेचा आणि शेतीचा, दोन्ही हिशेब धूसर होतात.

*आणि ज्याला नाक मुरडलं ते*

आता संडासाचा गॅस. २०१४ मध्ये इंग्लंडातल्या ब्रिस्टलजवळ मैला आणि अन्नाचा कचरा कुजवून मिळालेल्या मिथेनवर चाळीस आसनांची बस धावू लागली. चालवणाऱ्यांचा हिशेब असा: पाच माणसांच्या वर्षभराच्या अशा घाणीतून तीनशे किलोमीटरची टाकी भरते. रायपुरात २०११ च्या जनगणनेतच दहा लाख माणसं होती. तोच दर लावला तर वर्षाला सहा कोटी बस-किलोमीटर होतात, म्हणजे रोज दोनशे किलोमीटर धावणाऱ्या आठशे बसगाड्या. निम्मी घाणच हाती लागली आणि निम्मा गॅस गळाला असं धरलं, तरी दोनशे उरतात. यासाठी एक हेक्टरही शेती लागत नाही. आज हीच घाण नाल्यांमधून खारून नदीकडे वाहते किंवा घराघरांच्या टाक्यांत कुजते, आणि तिचा मिथेन फुकट हवेत जातो.

पुण्याच्या ‘आरती’ संस्थेच्या डॉ. आनंद कर्वे यांनी याच वाटेवर एक साधी गोष्ट ओळखली होती. मिथेन करणाऱ्या जंतूंना शेण आवडतं म्हणून आपण शेण घालत आलो. पण शेणातला खाण्याजोगा भाग गाईनं आधीच खाल्लेला असतो. पिष्टमय उष्टं-खरकटं, खराब धान्य दिलं तर किलो-दोन किलोत तेवढाच गॅस निघतो ज्याला शेण चाळीस किलो लागतं, आणि तोही एका दिवसात. या छोट्या संयंत्राला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. आपल्याकडे मात्र शिळ्या भाताच्या गॅसला ‘किचनमधला जुगाड’ म्हणण्याची आणि कोट्यवधी रोपांना ‘मिशन’ म्हणण्याची पद्धत पडली.

३. तीन आक्षेप

*‘प्रत्येक मोठा शोध आधी वेडाच वाटतो.’* राइट बंधूंचं नाव इथे हमखास येतं. पण त्यांनी १९०१ मध्ये स्वतः वाऱ्याचा बोगदा बांधून पंखांच्या दोनशेच्या आसपास आकारांची मापं घेतली होती. उपलब्ध कोष्टकांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. जग त्यांना वेडं म्हणत असेल, पण त्यांची वही पुरी होती.

*‘कल्पना बरोबर होती, अंमलबजावणी फसली.’* हा छत्तीसगडचा आवडता बचाव. जंगली रोपं लावली, सुधारित वाण नव्हते, खरेदीची साखळी नव्हती, हे सगळं मान्य. मग उत्पन्न पाचपट धरू. हेक्टरी साडेबाराशे लिटर. तरीही पंचवीस हजार किलोमीटर. सौर पट्टी एकशे ऐंशी पटींनी पुढेच राहते. शिवाय ‘पडीक जमीन’ हा रकाना कागदावरच रिकामा होता. तिथे गुरं चरत होती, लोक सरपण आणि महुआ गोळा करत होते. त्या जागी आली विषारी बियांची झाडं, जी गुरं खात नाहीत. मुलांनी बिया खाल्ल्या आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, अशा बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आल्या.

*‘द्रव इंधन साठवता येतं, वीज नाही.’* हा आक्षेप तिन्हींत भक्कम आहे. दहा युनिट डिझेल बाटलीत मावतं. तेवढ्याच बॅटरीचं वजन माणसाइतकं भरतं. विमानाला हे परवडत नाही. म्हणूनच रतनजोतीचा ठसठशीत म्हणावा असा एकमेव विजय रस्त्यावर झाला नाही, हवेत झाला: २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटचं विमान डेहराडूनहून दिल्लीला गेलं, तेव्हा त्याच्या एका इंजिनात पंचवीस टक्के जैवइंधन होतं, आणि त्याच्या बिया छत्तीसगडच्या सुमारे पाचशे शेतकरी कुटुंबांकडून आल्या होत्या. थोडं आणि महाग असलेलं इंधन जिथे पर्याय नाही तिथेच जाळावं. गंजपाऱ्यात भाजी आणायला निघालेल्या मोटारीला पर्याय आहेत.

इथे सौर मोटारीबद्दलही सांगून टाकतो. पुण्याच्या वायवे कंपनीनं छपरावर पट्ट्या असलेली छोटी ‘इव्हा’ २०२३ च्या ऑटो एक्स्पोत मांडली. छपरातून वर्षाला तीन हजार किलोमीटर मिळतील असा त्यांचा दावा आहे, आणि तो प्रामाणिक वाटतो, कारण तो लहान आहे. पट्टी गच्चीवर असली तर अधिक देते. ती गाडीवर असावी हा हौसेचा भाग. पण हौस हिशेबात बसते.

४. कशासाठी?

इथवर सगळी चर्चा टाकीत काय घालायचं याची झाली. मला वाटतं, विक्षिप्तपणाचं मूळ त्याच्याही अलीकडे आहे. सत्तर किलोच्या माणसाला हलवण्यासाठी आपण बाराशे किलोचं लोखंड हलवतो. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो, आणि त्यातला पाच-सहा टक्के माणसाच्या वजनाच्या वाट्याला येतो. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमधला एक रुपया आपल्याला नेतो, बाकी नव्व्याण्णव मोटार आपल्याबरोबर यावी म्हणून. या गणिताला कोणी हसत नाही, कारण ते सगळ्यांच्या दारात उभं आहे.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात सायकलरिक्षा हलकी करण्यावर आणि तिला बॅटरीची मोटर जोडण्यावर काम केलं. तेव्हा ते कोणाला भविष्य वाटलं नाही, गरिबांचं वाहन सुधारण्याची सत्प्रवृत्ती वाटली. आज ई-रिक्षा रायपूरच्या स्टेशनापासून आमापाऱ्यापर्यंत आणि अग्रसेन चौकातून समता कॉलनीच्या आतल्या गल्ल्यांपर्यंत भरून वाहतात. २०१५ च्या दुरुस्तीनं त्या मोटार वाहन कायद्यात आल्या. जीई रोडवर त्या कोंडी करतात, वळताना हात दाखवत नाहीत, आणि कॉलनीतले आम्ही त्यांच्या नावानं रोज बोटं मोडतो. पण ४८ व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे पाच युनिटही नाहीत, आणि तेवढ्यावर ती चौघांना घेऊन दिवसाला ऐंशी-शंभर किलोमीटर जाते. माणशी शंभर किलोमीटरला सव्वा ते दीड युनिट. विजेच्या मोटारीत सरासरी दीड माणूस बसतो असं धरलं तर हाच आकडा दहाच्या पुढे जातो.

आता जो आक्षेप सर्वांत जिव्हारी लागतो तो. रायपूरची वीज येते कोरब्याहून, आणि ती कोळशाची आहे. मग विजेची मोटार घेऊन साधलं काय? निव्वळ कोळशाच्या विजेवर, तारांतली गळती धरून, अशी मोटार किलोमीटरला साधारण एकशे ऐंशी ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते. चांगली पेट्रोल मोटार, तेल शुद्ध करताना होणारा धूर धरूनही, एकशे साठच्या आसपास. म्हणजे कोळशावर तरी इलेक्ट्रिक कार पेट्रोलच्या पुढे जात नाही, थोडी मागेच पडते. तिच्या बाजूनं एवढंच म्हणता येतं की तिचं इंधन बदलता येतं; गच्चीवर पट्ट्या बसल्या की ती सुधारते, पेट्रोलची जन्मभर तशीच राहते.

ई-रिक्षाला मात्र या सवलतीची गरजच पडत नाही. त्याच कोरब्याच्या काळ्याकुट्ट कोळशावर ती माणशी किलोमीटरला पंधरा-सोळा ग्रॅमवर थांबते. इंधन न बदलता, नुसतं वजन आणि वेग उतरवून. तिच्यावरचं ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाचं बंधन आपल्याला अपमानास्पद वाटतं. पण संध्याकाळी सहाला जयस्तंभ चौकात कुठली मोटार पंचवीसनं जाते?

ई-रिक्षाच्या हिशेबातही कोरा रकाना आहे, आणि तो शिशाचा आहे. तिच्या स्वस्त शिसे-आम्ल बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात बदलाव्या लागतात, आणि जुन्या बॅटऱ्या वितळवणाऱ्या उघड्या भट्ट्यांचा धूर भट्टीवर काम करणाऱ्यांच्या आणि आसपासच्या मुलांच्या रक्तात शिसं पोचवतो. लिथियमची बॅटरी महाग पडते, पण तीन-चार पट टिकते; रिक्षावाल्याला ती हप्त्यानं परवडेल असं कर्ज मिळालं तर हा रकाना भरता येतो. रतनजोतीच्या रोपवाटिकांवर जेवढा पैसा मातीत गेला, त्याच्या मानानं या कर्जावरचं व्याज सरकारला जड जाऊ नये.